पूर आला, फोटोत मात्र आला नाही

गॅलरीतून | रविवार, रात्री 10:52

हा धागा छायाचित्रण विभागात टाकावा की ठाणे जिल्ह्याच्या गप्पांत, कळेना. चुकीच्या जागी असेल तर संपादकांनी हलवावा.

मी बदलापूर पश्चिमेला राहते. तिसरा मजला. गॅलरीतून उल्हास नदी दिसते. मध्ये एक रिकामा प्लॉट, एक पत्र्याची जुनी शेड, विजेचा एक खांब आणि मग नदीत उतरणाऱ्या पायऱ्या, मोजून नऊ. घर घेताना बिल्डरने 'रिव्हर व्ह्यू'चे वेगळे पैसे लावले होते, त्यामुळे नदी बघत बसणं म्हणजे वसुली, असं आमच्याकडे मानतात.

शनिवारी पहाटे साडेपाचला जाग आली ती आवाजाने. पाऊस केव्हाच थांबला होता. मालगाडी पुलावर चढली आणि तिचे डबे संपतच नाहीत, तसा आवाज. बाहेर येऊन बघते तर नऊपैकी एकही पायरी नाही आणि शेडच्या जोत्याला पाणी. प्लॉटमध्ये जलपर्णीचा अख्खा गालिचा येऊन बसलेला आणि त्यात एक लाल सिलिंडर उभाच्या उभा डुलत होता. पोटात गोळा आला, खरं सांगते.

मागच्या दिवाळीत जुना मिररलेस कॅमेरा घेतलाय, तो काढला. सकाळी सहा ते दुपारी बारापर्यंत गॅलरीतून आणि गच्चीवरून 143 फोटो काढले. खाली उतरले नाही. संध्याकाळी लॅपटॉपवर टाकले आणि बसले डोक्याला हात लावून. पहिले वीस-बावीस फोटो तर धुक्यातले! धुकं नव्हतंच, लेन्सवर वाफ धरली होती, आणि मी ती ओढणीने पुसून वर आणखी ओरखडे काढले. बाकीच्यांत नदी म्हणजे ताटात ओतलेला चहा. सपाट, शांत. आईला दाखवला तर म्हणाली, "छान आहे गं, कुठल्या तळ्याकाठी गेला होतात?"

आता दुसरी बाजू. एकच फोटो जबरदस्त आला. गच्चीवरून, 200ची (लांबचं जवळ आणणारी) लेन्स पूर्ण ताणून. त्यात पाणी शेजारच्या सोसायटीच्या भिंतीला चाटतंय असं वाटतं. तो मी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. दुपारी तीनला तोच फोटो नाशिकच्या मावसबहिणीकडून मला परत आला, खाली मजकूर: "बदलापूर बुडालं, पहिला मजला पाण्याखाली." संध्याकाळी त्या सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. त्यांच्या भिंतीपासून पाणी निदान शंभर पावलं लांब होतं. पुण्याहून, दुबईहून, कुठून कुठून मुलांचे फोन आले म्हणे लोकांना. खूप बोलले, आणि बरोबरच बोलले.

म्हणजे 142 फोटोंत पूर दिसत नाही आणि एकात नको तेवढा दिसतो. जाणकारांनी सांगावं, माझं चुकतंय कुठे?

---

शेवटचा_डबा | रविवार, रात्री 11:20

पहिला! सिलिंडरचा फोटो आधी टाका, बाकी चर्चा नंतर.

आणि तो 'पहिला मजला पाण्याखाली' फोटो आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरही आला होता, ताई. साहेबांनी स्वतःहून सांगितलं, उद्या येऊ नका. आजन्म ऋणी राहीन.

---

तिपाई | सोमवार, सकाळी 7:05

सविस्तर लिहितो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसलोय, वेळच वेळ आहे. (गाडी दुसरा चालवतोय.)

आधी वाफ. रात्रभर एसीच्या खोलीत गार झालेला कॅमेरा पावसाळी हवेत आणला की काचेवर दव धरणारच. झोपण्याआधी तो झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा, आणि बाहेर काढायचा असेल तेव्हा पिशवीसकट अर्धा तास गॅलरीत ठेवा. दव पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही. ओढणी, साडीचा पदर, बनियन यांपैकी काहीही काचेला लावू नका. आणि काम झालं की सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात. आपल्या हवेत चार महिन्यांत लेन्सला बुरशी धरते, आणि ती साफ करून घेताना दुसऱ्या लेन्सचे पैसे जातात.

आता चहाचं ताट. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून खाली बघताय. वरून बघितलं की लाटेची उंची दिसत नाही, नुसता पृष्ठभाग दिसतो. त्यात ढगाळ उजेड, म्हणजे सावलीच नाही. लाटेला सावली नसेल तर फोटोत लाट नसते. पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या खिडकीतून तोच फोटो काढून बघा. नजर खाली आली की लाटा एकामागे एक रचल्यासारख्या दिसतात.

दुसरं म्हणजे शटर, कॅमेऱ्यात उजेड किती वेळ घ्यायचा ते. सेकंदाच्या 1/1000ला थेंब न् थेंब गोठतो आणि नदी चिखलाच्या ढेकळांसारखी दिसते. दहा सेकंद उघडं ठेवलं तर दुधाची साय. धबधब्याला चालते ती, पुराला नाही, पुरातला राग निघून जातो. मला 1/8 ते 1/15 आवडतं. धार ओढल्यासारखी दिसते पण तिचे पदर सुटे राहतात. काळोख्या ढगाखाली लेन्सचं छिद्र बारीक करून, एफ 11 किंवा 16ला, हा वेग आपोआप मिळतो, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) विकत घ्यायची गरज नाही. पोलरायझर (चकाकी कापणारी फिरती काच) असेल तर लावा. पाण्यावरची पांढरी चकाकी कापली जाते, वर उजेडही दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, कमी होतो. कॅमेरा कठड्यावर ठेवायचा तर खाली तांदळाची पिशवी घ्या, वाहतुकीने कठडा थरथरतो.

रंग: ऑटो व्हाईट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने रंग स्वतः ठरवणं, तपकिरीला 'दुरुस्त' करून राखाडी करतो. उन्हाच्या चिन्हावर कायम ठेवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्या वर्णनात नऊ पायऱ्या आहेत, शेडचं जोतं आहे, खांब आहे, सिलिंडर आहे. फोटोंत यांपैकी काय आहे? पैज लावतो, नुसतं पाणी आहे. पाणी किती चढलं हे पाणी कधीच सांगत नाही. ते खांब सांगतो.

---

गॅलरीतून | सोमवार, सकाळी 9:30

पैज जिंकलात. 143पैकी खांब 11 फोटोंत, तोही अर्धा कापलेला. मला तो 'मध्ये येतोय' असं वाटत होतं, म्हणून मी मुद्दाम सरकून सरकून त्याला फ्रेमबाहेर काढत होते!

सिलिंडर तीन फोटोंत आहे. टाकते रात्री.

---

पाटबंधारे_निवृत्त | सोमवार, दुपारी 12:15

ताई, थोडी माहिती देतो, फोटोला उपयोगी पडेल.

बदलापूरच्या बॅरेजला, म्हणजे बंधाऱ्याला, नदीची पातळी मोजतात. इशारा पातळी 16.50 मीटर, धोका पातळी 17.50. पावसाळ्यात हे आकडे जिल्हा प्रशासनाकडून रोज जाहीर होतात. तुमच्या घाटावरच्या पायऱ्यांचा आणि या आकड्यांचा मेळ एकदा घालून ठेवा. कितव्या पायरीला पाणी असताना बॅरेजला किती होतं, हे चार-पाच वेळा लिहिलं की तुमच्या घरापुरती मोजपट्टी तयार झाली.

दुसरं, पाऊस थांबला होता तरी पाणी चढत होतं याचं तुम्हाला नवल वाटलं, पण त्यात नवल नाही. तुमच्या डोक्यावरच्या पावसाचा या पुराशी फार थोडा संबंध. उल्हास येते राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरातून. वाटेत कर्जत तालुक्यात पेज, पोशीर, चिल्हार मिळतात, माथेरानच्या उतारावरचं पाणी मिळतं. तिकडे मध्यरात्री कोसळलेलं काही तासांनी तुमच्या गॅलरीखालून जातं. म्हणून बदलापूरला ऊन पडलंय म्हणून काठावर जाऊन उभं राहणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. राग मानू नये.

---

पंखेवाला | सोमवार, दुपारी 12:40

ड्रोन उडवा ना सरळ. एका शॉटमध्ये सगळं कव्हर.

आणि काका, बारवी धरणाचे दरवाजे उघडले म्हणून पूर आला, हे का नाही सांगत?

---

पाटबंधारे_निवृत्त | सोमवार, दुपारी 1:02

कारण ते खरं नाही म्हणून. बारवी उल्हासला मिळते ती बदलापूर शहराच्या खालच्या अंगाला. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव काठोकाठ भरला की आपले आपण उघडतात. ते पाणी रायते, मोहने, कल्याणच्या बाजूला भर घालतं हे मान्य. त्यात कल्याणच्या खाडीला मोठी भरती असेल तर पाणी पुढे सरकत नाही आणि तुंबतं. पण तुमच्या घाटाच्या वर जे येतं ते कर्जतकडून. नदी उलटी वाहत नाही.

दर वर्षी हे सांगतो, आणि दर वर्षी कुणीतरी बारवीचं नाव घेतंच.

---

तिपाई | सोमवार, दुपारी 1:30

ड्रोनबद्दल: 2021च्या ड्रोन नियमांप्रमाणे आधी नकाशावर तो भाग हिरव्या (आधी परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात आहे का ते बघावं लागतं. नियम सोडा. बचावाची बोट खाली असताना वर तुमचा पंखा भुणभुणतोय, हे बरं दिसतं का? आणि ड्रोनमधून तर पूर अजूनच ताटासारखा दिसतो.

---

वळगण | सोमवार, रात्री 8:48

वांगणीच्या अलीकडचा आहे मी. आमचं शेत नदीला लागून. फोटोतलं काही कळत नाही, पण नदीतलं थोडं कळतं.

पहिल्या पावसाला चढणीचे मासे धरायला आम्ही लहानपणापासून शेतात उतरतो, पण पुराला कधी जवळ जात नाही. माझा बाप सांगायचा, "पानी गप झाला का मागं हो." खळखळतं तोवर नदी उथळ आहे, तळाचे दगड बोलतात. आवाज बदलून जड झाला की ती आता माणूस नेणार.

आणखी एक सांगतो, तुमच्या फोटोत बघा दिसतंय का. पाणी चढत असतं तेव्हा कचरा, जलपर्णी, फांद्या सगळं काठाकडे ढकललं जातं. उतरायला लागलं की तोच कचरा मधल्या धारेला लागतो. आम्ही त्याच्यावरून ठरवतो, जनावरं हलवायची का थांबायचं. 2019ला महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्या बाजूला अडकली होती ना, 27 जुलैला, त्या सकाळी काठावर एवढा कचरा होता की पाणी दिसत नव्हतं. हजारावर माणसं होती गाडीत. नंतर बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं, गावची पोरं दोर घेऊन गेलेली. आमच्या घरी वीस-पंचवीस जणांचा चहा झाला. फोटो मात्र आमच्यापैकी कुणाकडे नाही. मोबाईल सगळ्यांचे भिजलेले.

---

गॅलरीतून | सोमवार, रात्री 11:55

वळगण दादा, तुमचा प्रतिसाद वाचला आणि झोप उडाली. सगळे फोटो क्रमाने लावून बसले.

दिसतंय! पहिल्या फोटोंत सगळी जलपर्णी आमच्या बाजूला, पायऱ्यांच्या डोक्यावर आणि प्लॉटमध्ये. ऐंशीच्या आसपास काठ हळूहळू मोकळा व्हायला लागतो, आणि 97 नंबरच्या फोटोत नदीच्या बरोबर मध्ये एक हिरवा-तपकिरी पट्टा, वेणी घातल्यासारखा. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत तो आहे. मी तिथेच उभी होते, सलग सहा तास. मला काहीही दिसलं नव्हतं.

97 नंबर किती वाजताचा, ते बघायला गेले, तर कॅमेऱ्यात तारीख 1 जानेवारी 2017! जुना कॅमेरा, घड्याळ कधी लावलंच नाही. मग एक युक्ती सुचली. एका फोटोत आमच्याकडची दूधवाल्याची गाडी आली आहे, तो पावणेसातला येतो म्हणजे येतोच. तिथून अंतर मोजलं. सकाळी 10:20. म्हणजे दहा-वीसला उल्हास उतरायला लागली.

चहाचं ताट म्हणून मी हेच फोटो उडवणार होते.

---

पाटबंधारे_निवृत्त | मंगळवार, सकाळी 6:40

शाब्बास. दूधवाल्यावर पातळीची नोंद लावणारा माणूस मी चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.

---

तळमजला | मंगळवार, सकाळी 10:10

सगळं वाचतोय कालपासून. लिहू की नको असं चाललं होतं.

2005ला आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. 2019ला कमरेपर्यंत. 2021ला गुडघ्यापर्यंत, त्याला तर आम्ही मोजतच नाही. तुम्ही ज्याला 'पत्र्याची जुनी शेड' म्हणता, त्याच्या पलीकडे जी बैठी चाळ आहे त्यात आम्ही राहतो. तुमच्या बिल्डिंगमधून आम्ही दिसतो का, माहीत नाही.

पाणी आलं की आम्ही गाद्या माळ्यावर टाकत असतो, म्हातारीला खांद्यावर घेऊन बाहेर काढत असतो. तेव्हा मागच्या रस्त्याला लोक उभे असतात, मोबाईल वर धरून. 2019ला एक जण चक्क म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा." माझं घर माझ्या मागे बुडत होतं आणि मी त्याच्या फ्रेममध्ये येत होतो.

शटर 1/8 ठेवा की 1/15 ठेवा. ते पाणी आमच्या घरात आहे एवढं लक्षात ठेवा.

---

शेवटचा_डबा | मंगळवार, सकाळी 10:31

काका, सॉरी. वरची माझी ऑफिसची थट्टा मागे घेतो.

---

खारघरकर | मंगळवार, दुपारी 3:00

'फ्रेममध्ये येत होतो' हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

आमच्याकडे वेगळंच दुखणं. पूर घरात येत नाही (सध्या तरी), माणसं पुरात जातात. पांडवकड्याच्या धबधब्याला दर पावसाळ्यात बंदी लागते. पूर्वी कलम 144 म्हणायचे, जुलै 2024पासून नवीन संहितेचं कलम 163. आकडा बदलला, पोरांनी कुंपणावरून उडी मारायची पद्धत तीच. 2019च्या ऑगस्टमध्ये खारघरच्या डोंगरात कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या. त्या दिवशी मी घरीच होतो. पाऊस काही विशेष वाटत नव्हता, वर डोंगरात पडत होता.

सहा इंच वाहतं पाणी चांगल्या धडधाकट माणसाला पाडतं, फूटभरात छोटी गाडी उचलली जाते. हे लोकांना खोटं वाटतं कारण बादलीतलं सहा इंच पाणी त्यांनी पाहिलेलं असतं.

मला फोटो काढायचाच असेल तर मी बेलापूरचा धारण तलाव बघायला जातो. आपली ही शहरं खाडी बुजवून वसवली आहेत, जमीन मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली. भरती आली की झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला झडपा उघडतात. भरतीच्या वेळी एक आणि ओहोटीला एक, त्याच कठड्यावरून. कुणाच्या घराचा प्रश्न नाही आणि पाय घसरायचीही भीती नाही. कुणी लाईक मात्र करत नाही.

---

गॅलरीतून | मंगळवार, रात्री 9:15

@तळमजला काका, दिसता. चाळ दिसते. मी 'शेड' लिहिलं आणि चाळ लिहिली नाही. का लिहिली नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही. माफ करा.

एक विचारायचं होतं. त्या 143मध्ये निदान तीस फोटोंत तुमच्या चाळीचं छत आणि दारांच्या वरच्या चौकटी आहेत, पाण्याच्या रेषेसकट. कुणाला पाठवलेले नाहीत, पाठवणारही नाही. तुम्हाला उपयोग असेल तर सगळे देते. नको असतील तर आजच उडवते.

---

तळमजला | मंगळवार, रात्री 10:40

उडवू नका.

पंचनाम्याला तलाठी येतात तेव्हा पाणी किती चढलं होतं ते विचारतात. तोवर आम्ही भिंती धुऊन काढलेल्या असतात, चिखलात राहणार कसं? 2019ला शेजाऱ्याने दाराच्या डागाजवळ टेप धरून मोबाईलवर एक फोटो काढला होता, त्याचं काम पटकन झालं. आमच्याकडे काहीच नव्हतं. यावेळी मी टेप धरून काढलेत. पण भर पाण्यातला एकही नाही. साडेआठच्या सुमाराचे असतील तर बघा, तेव्हा सगळ्यात जास्त होतं असं आम्हाला वाटलं.

---

तिपाई | बुधवार, सकाळी 7:20

देताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवू नका. त्यात फोटो दाबला जातो आणि आतली वेळेची नोंद पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ फाईल तशीच जाते. तारीख 2017 आहे ती फाईलमध्ये खाडाखोड करून बदलू नका. सोबत कागदावर साधं लिहून द्या की घड्याळ लावलेलं नव्हतं, फरक इतका आहे. बदललेली तारीख पकडली गेली तर सगळ्याच फोटोंवरचा विश्वास जातो. आणि आज, आत्ता, कॅमेऱ्याचं घड्याळ लावा!

तुमच्या त्या जबरदस्त फोटोचंही राहिलंच होतं. लोक म्हणतात टेली लेन्स अंतर दाबते. लेन्स काही दाबत नाही. तुम्ही जिथे उभ्या होतात तिथून ते अंतर तसंच दिसतं. लेन्सने फक्त आजूबाजूचं कापून टाकलं. तुमच्या साध्या फोटोतला तेवढाच तुकडा मोठा करून बघा, भिंत पाण्याला तितकीच चिकटलेली दिसेल. पण साध्या फोटोत मधला रस्ता, झाड, उभी रिक्षा दिसते, म्हणून डोळा फसत नाही. तेव्हा ताणलेला फोटो टाकायचाच तर त्याच जागेवरून, त्याच मिनिटाचा रुंद फोटो जोडीला टाका. आणि फोटोवरच तारीख, वेळ, जागा लिहा. कोपऱ्यात नको, कोपरा कापून पुढे पाठवतात.

---

गॅलरीतून | बुधवार, रात्री 10:05

घड्याळ लावलं. काकांना 34 फोटो दिले, पेनड्राइव्हवर. त्यांच्या घरी जाऊनच दिले. चार वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूला उतरले. आजींनी चहा दिला. भिंतीवर पाण्याची रेष अजून ओली आहे, आणि तिच्यावर बरंच वर, फ्रेममधल्या गणपतीच्या थोडं खाली, खिळ्याने कोरलेली दुसरी रेष: 2005. रंग दिला तरी ती बुजवत नाहीत. 2019ची रेष कुठे विचारलं तर आजी म्हणाल्या, "ती कपाटामागं आहे."

साडेआठचा म्हणून जो फोटो निघाला त्यात त्यांच्या दारासमोर तो लाल सिलिंडर आहे. त्यांचाच होता. सापडला नाही अजून.

आणि हो, गॅलरीच्या कठड्यावर नेलपेंटने दोन खुणा केल्यात, कॅमेऱ्याचं बूड ठेवायला. रोज सकाळी सातला एक फोटो. खांब मध्यभागी, पायऱ्या खाली, चाळ उजवीकडे. कोरड्या दिवसांतही काढणार.

---

पाटबंधारे_निवृत्त | गुरुवार, सकाळी 6:30

उत्तम. फक्त एक, कोरड्या दिवसांतली पातळी 'खरी' समजू नका. उल्हासला उन्हाळ्यात जे पाणी दिसतं, ते बरंचसं भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं घाटावरचं पाणी. टाटांचं केंद्र, 1922पासून चालू आहे. तिथे वीज किती काढली त्याप्रमाणे तुमच्या पायऱ्या उघड्या पडतात किंवा झाकतात. तेव्हा मे महिन्यातही वेळ लिहीत चला.

जमलं तर तुमच्या बिल्डिंगची निळी रेषा आणि लाल रेषाही बघून ठेवा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभरातून एकदा. 'रिव्हर व्ह्यू'चे पैसे घेताना हे कुणी दाखवत नाही.

---

वळगण | गुरुवार, रात्री 9:22

ताई, एक राहिलं. तो घाट मला माहीत आहे, माझी आत्या त्या बाजूला दिलेली. पायऱ्या नऊ नाहीत. अकरा आहेत. खालच्या दोन गाळात गेल्यात, भिवपुरीचं पाणी कमी असलं की वरची त्यातली एक दिसते, पलीकडच्या काठावरून. मे महिन्यात सांगतो कधी ते.

---

गॅलरीतून | गुरुवार, रात्री 9:40

अकरा??

मग पहिल्या पोस्टमधलं 'मोजून नऊ' बदलते. की राहू दे?

---

शेवटचा_डबा | गुरुवार, रात्री 9:43

राहू द्या. आणि सिलिंडरचा फोटो अजून टाकलेला नाही.

---

गॅलरीतून | गुरुवार, रात्री 9:51

तो काकांना विचारून टाकेन.